टायपिंगची अट आणि वाणिज्य महाविद्यालयांचा कानाडोळा

महाराष्ट्रात लिपिक-टंकलेखकाची जाहिरात निघाली की तिच्यात दोन अटी शेजारी शेजारी असतात. एक, कोणत्याही शाखेची पदवी. दुसरी, मराठी टंकलेखन मिनिटाला ३० शब्द किंवा इंग्रजी ४० शब्द या वेगाचं शासकीय प्रमाणपत्र. कर सहायकाला तर दोन्ही भाषांचं लागतं. पहिल्या अटीसाठी सरकारने विद्यापीठं उभी केली, महाविद्यालयांना अनुदान दिलं, प्राध्यापकांना वेतन आयोग लावले. दुसऱ्या अटीसाठी फक्त परीक्षा घ्यायची सोय केली. शिकवायचं काम सोडून दिलं एसटी स्टँडमागच्या गल्लीतल्या, पहिल्या मजल्यावरच्या खासगी इन्स्टिट्यूटवर. तिथे फी भरते ती मुलगी किंवा तिचा बाप.

ही वाटणी मोडली पाहिजे, असं माझं मत आहे. कारकुनी कामाचं शिक्षण अनुदानित वाणिज्य महाविद्यालयांनी स्वतःच्या अंगावर घ्यावं, आणि घेताना बोटांच्या वेगाइतकाच मजकुराच्या अचूकपणाला मान द्यावा. वाणिज्यच्या प्राध्यापकांना हे कमीपणाचं वाटेल, ठाऊक आहे. मी त्यांच्यातलाच आहे. कनिष्ठ महाविद्यालयात ओसी (वाणिज्य संघटन) आणि एसपी (चिटणिसाची कार्यपद्धती) हे विषय शिकवण्यात माझी नोकरीची सगळी वर्षं गेली.

आधी या इन्स्टिट्यूटांबद्दल. त्यांना शिक्षण खात्याची मान्यता असते आणि परीक्षा पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. पूर्वी तिथे रेमिंग्टनची नाहीतर गोदरेजची मशीन असत. गोदरेजने पहिलं भारतीय टाइपरायटर १९५५ साली बाजारात आणलं आणि पुढची पन्नासएक वर्षं सरकारी कचेऱ्यांत त्याचाच खडखडाट होता. आता मशीन भंगारात गेली, परीक्षा संगणकावर आली आणि तिला जीसीसी-टीबीसी (संगणक टंकलेखनाचं शासकीय प्रमाणपत्र) असं उच्चारायला अवघड नाव मिळालं. शिकवण्याची रीत मात्र फारशी बदललेली नाही. पहिले काही दिवस डाव्या हाताने ए-एस-डी-एफ, उजव्या हाताने सेमीकोलन-एल-के-जे. नजर कागदावर, कीबोर्डकडे बघायचं नाही. मशीनच्या काळात कुणाची लय चुकली की खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या मास्तरांना ते कळायचं.

एका बॅचला कोण कोण बसतं ते बघण्यासारखं असतं. दहावीची परीक्षा देऊन रिकामा झालेला मुलगा, लग्न ठरलेली मुलगी, आयोगाची पूर्वपरीक्षा निघाल्यावर धावत आलेला तिशीतला उमेदवार, आणि नवऱ्याच्या जागी अनुकंपावर लागलेली, ठरल्या मुदतीत प्रमाणपत्र दिलं नाही तर नोकरी जाईल या धास्तीने आलेली बाई. वय, जात, शिक्षण यांची इतकी सरमिसळ मी कॉलेजच्या वर्गात कधी पाहिली नाही. तालुक्याच्या गावात बायकांना कचेरीच्या नोकरीची वाट ज्या थोड्या ठिकाणांहून सापडली, त्यांत या खोल्यांचा नंबर बराच वर लागेल.

म्हणून काही त्या सगळ्या चांगल्या चालतात असं नाही. हजेरी कागदावर, सराव नावापुरता, आणि परीक्षेला दुसराच कुणी बसल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. पण माझी तक्रार चोरीमारीची नाही, परीक्षेच्या गाभ्याची आहे. उतारा समोर असतो, तो बघून उमटवायचा. पत्र असतं, स्टेटमेंट असतं, पण त्यांचाही मजकूर दिलेला. तो मांडायचा एवढंच. पत्रात काय लिहायचं हे उमेदवाराला कुणी विचारत नाही. दिलेल्या तक्त्याची बेरीज जुळते का, हेही विचारत नाही. म्हणजे ज्या कामाला आता सगळ्यात कमी माणूस लागतो, त्याचीच आपण सगळ्यात कडक परीक्षा घेतो.

त्यात मराठीचा घोळ वेगळाच. इन्स्टिट्यूटमध्ये बोटं रेमिंग्टनच्या मांडणीवर घडतात, सरकारी फतवा युनिकोडचा आणि इन्स्क्रिप्ट या वेगळ्या कळफलकाचा, आणि घरी फोनवर तीच मुलगी रोमन अक्षरं दाबून मराठी लिहिते. जुन्या फायली शिवाजी, कृतिदेव, श्रीलिपी अशा फॉन्टांत अडकलेल्या. दुसऱ्या संगणकावर उघडल्या की नुसती नक्षी दिसते. मग तोच मजकूर पुन्हा टाइप होतो आणि दर वेळी त्यात एखादी नवी चूक शिरते.

अशा चुकीची किंमत कोण मोजतं? शेतकऱ्याला विचारा. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ यात कलम १५५ आहे. अभिलेखात लेखनप्रमाद झाला असेल तर तो दुरुस्त करण्याचं हे कलम. गावात लोक वकिली भाषा बोलत नाहीत, पण 'एकशे पंचावन्नचा अर्ज टाकलाय' हे वाक्य चहाच्या टपरीवर सहज ऐकू येतं. हस्तलिखित सातबारा संगणकात आला तेव्हा कुणाचं क्षेत्र वीस आरऐवजी दोन आर झालं, कुणाच्या आजोबांचं आडनाव बदललं, कुणाचा बोजा फिटूनही राहिला, कुणाचं इतर हक्कातलं नाव गळालं. २०१७ साली गावोगाव चावडी वाचन घ्यावं लागलं ते यासाठीच: उतारे लोकांसमोर मोठ्याने वाचायचे आणि चूक सापडली की नोंदवायची. त्या वेळी तलाठ्यांवर भार अफाट होता, सर्व्हर चालत नव्हते, हे सगळं खरं. तरीही मूळ गोष्ट उरतेच. मूळ कागदाशी नवा कागद ताडून बघणं ही एक शिकायची विद्या आहे आणि ती आपल्याकडे कुठल्याही वर्गात शिकवली जात नाही. एका अक्षरासाठी माणूस तहसीलच्या पायऱ्या झिजवतो, पीककर्ज अडतं, वाटणी अडते, मुलीचा दाखला अडतो. मिनिटाला तीस शब्दांत ही चूक मोजली जात नाही.

पूर्वीच्या लोकांना ही विद्या शिकवावी लागते हे समजत होतं. मेस्तक नावाच्या जुन्या हस्तलिखितांमध्ये पत्राचा मायना कसा असावा, हिशेब कसा मांडावा, कारकुनाने कसं वागावं याचे नियम दिलेले आहेत. परंपरेने त्यांचं नातं यादवांच्या हेमाडपंताशी जोडलं. पुण्याच्या पेशवे दफ्तरातल्या मोडी कागदांवर आज संशोधक इतिहास रचतात, तो त्या अज्ञात कारकुनांनी तारीख, मायना आणि बेरीज ठरल्या जागी लिहिली म्हणून. फडणीस आणि चिटणीस ही आज आपल्याकडे मानाची आडनावं आहेत. कारकून या शब्दाला मान का उरला नाही, त्याचं खापर इंग्रजांवर फोडून आपण मोकळे होतो. मेकॉलेने कारकून घडवणारं शिक्षण दिलं, हे वाक्य भाषणात टाळ्या घेतं. ते म्हणणाऱ्यांच्या हाताखाली चांगला कारकूनही घडेनासा झाला, ही बाजू कुणी सांगत नाही.

जोतीराव फुल्यांनी १८८२ साली इंग्रज सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे दिलेलं निवेदन या संदर्भात उघडून बघावं. त्यांनी तेव्हाच्या उच्च शिक्षणावर झोड उठवली, कारण त्यातून कारकून आणि शिक्षक एवढेच निघत होते. आणि त्याच निवेदनात प्राथमिक शाळेत काय शिकवावं हे सांगताना त्यांनी मोडी आणि बाळबोध लेखन-वाचन, हिशेब, शेतीची प्राथमिक माहिती यांची मागणी केली. यात मला विसंगती दिसत नाही. ज्याला मोडी वाचता येत नाही आणि हिशेब कळत नाही तो कुळकर्ण्याच्या वहीपुढे आंधळा असतो, हे त्यांना पुरतं माहीत होतं. लिहिण्या-मोजण्याची ताकद काही घराण्यांत कोंडून राहू नये, असा त्यांचा आग्रह होता. आजच्या भाषेत सांगायचं तर फाइल वाचता येणं हा त्यांच्या दृष्टीने हक्काचा भाग होता.

वाणिज्य शिक्षण आणि कारकुनी शिक्षण यांची ताटातूट मुळात इतकी नव्हती. मुंबईत सोहराबजी दावर यांनी १९०० साली खासगी कॉमर्स कॉलेज काढलं ते व्यापारी पेढ्यांना हिशेबनीस आणि पत्रव्यवहार जाणणारी माणसं हवी होती म्हणून. सिडनहॅम निघालं १९१३ साली, आशियातलं पहिलं वाणिज्य महाविद्यालय ही त्याची ओळख. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१८ ते १९२० या काळात सिडनहॅममध्ये राजकीय अर्थशास्त्र शिकवलं, हे बहुतेकांना माहीत असतं. परदेशातलं शिक्षण पुरं करून, बॅरिस्टर होऊन आल्यावर त्यांनी १९२५ ते १९२८ मध्ये बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी ट्रेनिंग इन्स्टिट्यूटमध्ये अर्धवेळ व्यापारी कायदा शिकवला, हे कमी सांगितलं जातं. कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या असलेला माणूस हिशेबनीस घडवणाऱ्या खासगी वर्गात उभा राहिला. अर्थात यात पोटापाण्याचा प्रश्न होता आणि जातीने बंद केलेल्या दारांचाही होता. पण तिथे शिकवणं त्यांना हलकं वाटल्याचं कुठे दिसत नाही. आमच्या पिढीच्या प्राध्यापकांना मात्र टायपिंग क्लासची पायरी चढायची लाज वाटत आली.

याचा एक राजकीय हिशेबही आहे, जो आपण सोयीने विसरतो. साठच्या दशकात मुंबईतल्या कंपन्यांत लघुलेखक आणि टंकलेखक मोठ्या प्रमाणावर दक्षिणेकडून आलेले होते. बाळासाहेब ठाकरे यांच्या 'मार्मिक' साप्ताहिकाने 'वाचा आणि थंड बसा' म्हणत कंपन्यांतल्या नावांच्या याद्या छापल्या, आणि त्या असंतोषातून १९ जून १९६६ रोजी शिवसेना उभी राहिली. मराठी माणसाला डावललं जात होतं की नव्हतं, या वादात इथे शिरत नाही. डावललं जात होतंच, निदान काही ठिकाणी. पण त्या याद्यांमध्ये एक रकाना राहून गेला: इंग्रजी शॉर्टहँड येणारी मराठी मुलं किती? मद्रास प्रांतातल्या लहान लहान गावांतून शॉर्टहँड-टायपिंगच्या शाळा चालत आणि मुलं मॅट्रिकबरोबर टायपिंगच्या लोअर-हायर परीक्षा करूनच मुंबईच्या गाडीत बसत. आमच्याकडे त्या वेळी पदवीची हौस होती, पिटमन शॉर्टहँडच्या रेघांची नव्हती. पुढे शिवसेनेच्या स्थानीय लोकाधिकार समितीने बँका आणि विमा कंपन्यांच्या परीक्षांसाठी मराठी मुलांची तयारी करून घेतली आणि त्याचा उपयोग झाला, याचा अर्थ रकाना कुणाच्या तरी लक्षात आला होता. हे काम एका राजकीय पक्षाच्या संघटनेला का करावं लागलं, आमच्या वाणिज्य महाविद्यालयांनी का केलं नाही, हा प्रश्न मला आजही सोडत नाही.

आता कॉलेजच्या आत बघू. बारावी वाणिज्यला एसपी म्हणजे सेक्रेटेरियल प्रॅक्टिस हा विषय आहे. त्यात कंपनीच्या चिटणीसाने भागधारकाला, कर्जरोखेधारकाला, ठेवीदाराला लिहायची पत्रं आहेत. मुलं ती पाठ करतात, वरचा पत्ता आणि खालची सही चुकली तर आम्ही गुण कापतो. ज्या गावात ती मुलं राहतात तिथे ही पत्रं कुणी कुणाला पाठवत नाही. तिथे पतसंस्थेची वसुलीची नोटीस लागते. ग्रामपंचायतीचा ठराव, गृहनिर्माण सोसायटीचं इतिवृत्त, दूध संस्थेचं दहा दिवसांचं बिल, बचत गटाचं कर्जखातं लागतं. एकाही मुलाला आम्ही इतिवृत्त लिहायला लावलं नाही. पुस्तकात 'इतिवृत्ताची वैशिष्ट्ये' असा प्रश्न होता, त्याची आठ कलमं मुलं लिहीत आणि पैकीच्या पैकी गुण घेत.

पदवीला तर आणखी मजा. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि गावातल्या भांड्यांच्या दुकानदारापासून पेट्रोल पंपापर्यंत सगळ्यांना विवरणपत्र भरणारा माणूस हवा झाला. बी.कॉम.चे वर्ग भरलेले होते. त्या वर्गातली मुलं तीन वर्षं शिकून मग बाहेर टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा क्लास लावत आणि टॅक्स कन्सल्टंटकडे नाममात्र पगारावर बसून जीएसटीआर-३बी हे विवरणपत्र भरायला शिकत. म्हणजे कॉलेजने पदवी दिली, बोटं इन्स्टिट्यूटने दिली, हिशेब क्लासने दिला आणि काम कन्सल्टंटने शिकवलं. चार ठिकाणी फी आणि वेळ देऊन तयार झालेल्या मुलीला आपण वर विचारतो की तुमच्यात रोजगारक्षमता का नाही.

अलीकडे सरकार या खर्चातला काही भाग उचलू लागलं आहे. 'अमृत'सारख्या सरकारी संस्थेमार्फत टायपिंग उत्तीर्ण झालेल्या पात्र उमेदवारांना अर्थसाहाय्य मिळतं. चांगलं आहे, पण यात गंमत अशी की सरकार अट घालतं, परीक्षा घेतं, फीचे पैसेही परत देतं, फक्त शिकवत नाही.

यावर तीन आक्षेप येतात. पहिला हमखास येतो: आता यंत्र बोललेलं लिहून घेतं, मग टायपिंग कशाला? २१ फेब्रुवारी २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने सुनावणीचा शब्दशः मजकूर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीने पडद्यावर उमटवायला सुरुवात केली. योगायोगाने ती सुनावणी महाराष्ट्रातल्या सत्तासंघर्षाचीच होती. पण तो मजकूर वकिलांकडून तपासून घेण्याची सोय ठेवावी लागली, हे विसरून चालणार नाही. यंत्र जितकं भराभर लिहील तितकं तपासणाऱ्याचं काम वाढेल. सोलापूरकडची व्यक्ती बोलते आणि यंत्र लिहितं, तेव्हा गट नंबर, पोटहिस्सा आणि आडनाव बरोबर आलं का हे ज्याला कळतं तोच कामाचा. तेव्हा वेगाची परीक्षा हळूहळू निरर्थक होईल हे मान्य, आणि म्हणूनच तिच्या जागी कारकुनीची खरी परीक्षा यायला हवी. दुसरा आक्षेप असा की नोकऱ्याच कंत्राटी होणार असतील तर शिक्षण कशाला? २०२३ च्या सप्टेंबरात नऊ खासगी संस्थांमार्फत मनुष्यबळ घेण्याचा निर्णय निघाला आणि विरोधानंतर ऑक्टोबरात मागे घेतला गेला. धोका टळलेला नाही. पण ज्या कामाला कसलंच कसब लागत नाही असं सरकार स्वतःच समजतं, तेच काम सगळ्यात आधी ठेकेदाराकडे जातं.

तिसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो आणि तो माझ्याच एका विद्यार्थ्याने घेतला होता. सर, तुम्ही गरीब, बहुजन पोरांना कारकुनी शिकवणार आणि पैसेवाल्यांची पोरं मॅनेजमेंट शिकणार. यात तथ्य आहे. आपल्याकडे व्यवसाय शिक्षण नेहमी कमी गुणवाल्यांच्या माथी मारलं गेलं. ऐंशीच्या दशकाअखेर बारावीला एमसीव्हीसी (किमान कौशल्यावर आधारित व्यवसाय अभ्यासक्रम) सुरू झालं, त्यात हिशेब आणि कार्यालय व्यवस्थापनाचे चांगले अभ्यासक्रम होते, प्रात्यक्षिकं होती. पण त्याची तुकडी नापासांची तुकडी म्हणून ओळखली गेली आणि तिथेच ते संपलं. म्हणून माझी सूचना वेगळी शाखा काढण्याची नाही. हे शिक्षण बी.कॉम.च्या प्रत्येक विद्यार्थ्याला, पुण्याच्या नामांकित कॉलेजातल्याही, सक्तीचं असावं. पुढे सनदी लेखापाल होणाऱ्याने एक सत्र इतिवृत्त लिहिलं, आवक-जावक नोंदवही ठेवली, टिपणी लिहिली तर त्याचं काही बिघडत नाही. उलट, हाताखालच्या माणसाचं काम त्याला कळेल.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पदवीत कौशल्याची आणि प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाची श्रेयांकं आणली आहेत. आज ती भरायला कॉलेजं ओळखीच्या दुकानदाराकडून पत्र आणतात आणि फाइलला लावतात. ही जागा आयती रिकामी आहे. प्रत्येक अनुदानित कॉलेजात संगणक प्रयोगशाळा आहे, ती दुपारनंतर कुलूपबंद असते. इन्स्टिट्यूटमध्ये पंचवीस-पंचवीस वर्षं बोटं घडवलेले शिक्षक-शिक्षिका आहेत; त्यांना तिथे बोलवावं. तासिका तत्त्वावर बोलवून राबवून घेऊ नये, एवढीच हात जोडून विनंती. आमच्या तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांचं काय झालं ते बघतोच आहोत. शिकवताना एकच मराठी कळफलक, युनिकोडचा, ठरवून टाकावा आणि गावातल्या पतसंस्थेची, ग्रामपंचायतीची, दूध संस्थेची जुनी, नावं झाकलेली कागदपत्रं सरावाला घ्यावीत. इन्स्टिट्यूटचालकांच्या संघटना विरोध करतील. त्यांची मान्यता काढू नये, कॉलेजबाहेरच्यांसाठी त्या लागणारच आहेत. विद्यापीठाची अभ्यास मंडळंही विरोध करतील आणि त्यांचा विरोध जास्त चिवट असेल, कारण तो प्रतिष्ठेचा आहे.

अभ्यास मंडळं हलेपर्यंत परीक्षा परिषदेने तरी हलावं. तिला प्रश्नपत्रिका बदलायला कुठला कायदा करावा लागत नाही. वेगाच्या उताऱ्याचे गुण निम्म्यावर आणावेत. उरलेल्या निम्म्यांसाठी उमेदवारासमोर एक फेरफार नोंद आणि त्यावरून बनवलेला सातबारा ठेवावा, ज्यात पाच चुका मुद्दाम पेरलेल्या आहेत: एका नावाचं वेलांटी-उकार, क्षेत्राची बेरीज, फेरफार क्रमांक, एक गळालेला वारस, एक न काढलेला बोजा. पंधरा मिनिटांत त्या शोधायच्या आणि दुरुस्तीसाठी वरिष्ठांना दहा ओळींची टिपणी स्वतःच्या शब्दांत टाइप करून सादर करायची.